कोर्टात होते

राज्य फुटलं, आंध्र-तेलंगण वेगळे झाले आणि आमच्या मुकुंदाचं ऑफिस विजयवाड्याला गेलं. सात वर्षं झाली. तो तिकडे मेसचा भात खातो, बायको इकडे हैदराबादला, काचीगुड्यात माझ्याजवळ. वासंती तिचं नाव. सून म्हणून चांगली, जबान चालवत नाही. म्हणूनच तिकडे धाडली नाही.

तिनं एका संस्थेत काम धरलं. साध्यासुध्या माणसांना एआय समजावून सांगायचं, म्हणजे फोनमधलं ते यंत्र, विचारलं की बोलतं ते. संस्थेच्या कुसुमताई म्हणाल्या, आधी इथल्या मराठी बायकांना समजावून दाखव. त्यांना समजलं तर विजयवाड्याचं केंद्र तुझ्या हाती. तेलुगू तिला फाडफाड येतं. त्या दिवसापासून ही बाई भांडी घासताना गुणगुणायला लागली. पण माझ्या घरातलं अजून एक माणूस विजयवाड्याला जाणार नव्हतं.

रविवारी आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये आम्ही तीस बायका. मागं कुसुमताई वही घेऊन. वासंतीनं शिकवलं बरं, खोटं कशाला बोलू. म्हणाली, "यंत्रानं ढीगभर लिखाण वाचलंय, त्यावरून ते शब्दाला शब्द जोडतं. माहीत नसलं तरी पुष्कळदा गप्प बसत नाही, रचून सांगतं. आणि असं सांगतं की खरंच वाटावं."

मी दुसरी शिकलेली, पण एवढं मला लगेच कळलं. बाकीच्या पंख्याकडं बघत होत्या.

"कुठल्या पुस्तकात नसेल असं एखाद्या माणसाचं नाव सांगा," वासंती म्हणाली.

"आमच्या ह्यांचं विचार," मी म्हणाले. नवऱ्याचं नाव मी घेत नाही. शेजारच्या भामाबाईंनी घेतलं. गौलीगुड्याचे नामदेवराव, कोर्टात होते.

कोर्टात होते, एवढंच मी सांगत आले. आम्ही काचीगुड्यात आलो ते हे गेल्यावर, त्यामुळं पुढचं ज्यानं त्यानं समजून घेतलं. चपराशी होते, हे मुकुंदाला माहीत आणि त्याच्या बायकोला.

यंत्र गोड आवाजात म्हणालं, नामदेवराव हे हैदराबादचे नामांकित वकील, गरिबांचे खटले फुकट लढवीत.

बायका माझ्याकडं वळून बघायला लागल्या. वासंती हसली. "बघा, हेच दाखवायचं होतं. हे सगळं रचलेलं आहे."

"रचलेलं?" मी उभी राहिले. "मग काय होते तुझे सासरे? सांग चारचौघींत."

चपराशी, एवढा एक शब्द बोलली असती तर नवऱ्याजवळ गेली असती. तिनं माझ्याकडं पाहिलं. मीही नजर हलवली नाही.

"वकील नव्हते, आत्या."

"मग कोण होते?"

तिनं मान खाली घातली. घालणारच होती. दहा वर्षं मीच वाकवलेली मान ती.

भामाबाई म्हणाल्या, "सासऱ्याचं हिला ठाऊक नाही, मशीनला ठाऊक. मग शिकायचं कुणाकडून?"

बायका खिदळल्या. कुसुमताईंनी विचारलं, "यंत्र सांगेल ते खरं मानायचं, असं किती जणींना वाटतं?"

तिसांचे तीस हात वर. सगळ्यांत आधी माझा.

कुसुमताईंनी वही मिटली.

संध्याकाळी मुकुंदाचा फोन आला. "झालं का गं तिचं?"

"कुठलं रे. शिकवायला हातोटी लागते, ती हिच्यात नाही. बायकांना काही कळलंच नाही."

तो म्हणाला, "तिला दे जरा."

वासंती माझ्याशेजारीच उभी होती, हात पुढं करून.

"कामात आहे ती," मी म्हणाले आणि फोन ठेवला.