जागल्याची पाचवी आवृत्ती

या, असे जवळ या. मागे टेकून बसलेल्यांनीही पुढे सरका, जागा पुष्कळ आहे. गोष्ट एका बापाची आहे, आणि बापाची गोष्ट लांबून नीट ऐकू येत नाही. हिच्यात राजा नाही की राक्षस नाही. एक खोली आहे, भिंतीवर मोठा पडदा आहे आणि पडद्यावर ठिपके आहेत. पण कान देऊन ऐकलंत तर तुमच्याच घरातलं कुणीतरी हिच्यात भेटेल, एवढं वचन माझं.

खोली पाणीपुरवठ्याची. शहराला पाणी देणाऱ्या टाक्या, पंप आणि वर डोंगरातलं धरण, या सगळ्या केंद्रांतले कॉम्प्युटर चालू आहेत की बंद पडलेत, हे इथे बसून पाहायचं. पाहणारं सॉफ्टवेअर होतं. त्याचं कागदावरचं नाव लांबलचक, म्हणून खोलीत सगळे त्याला 'जागल्या' म्हणत. जागल्या एकेका केंद्राला सारखा विचारत राहायचा, "आहेस का?" तिकडून "आहे" आलं की ठिपका हिरवा. नाही आलं की लाल, वर शिट्टी.

जागल्याची देखभाल नानांकडे. नाना म्हणजे कपाळावर चष्मा ठेवून खोलीभर चष्मा शोधणारा माणूस, पण जागल्याचा इतिहास त्यांना आरतीसारखा पाठ. पहिल्या आवृत्तीला नुसतं विचारता यायचं. दुसरीत रंग आले. तिसरीत शिट्टी आली, आणि शेजारच्या टेबलावरच्या काकू पहिले काही दिवस कुकर झाला म्हणून खुर्चीतून उठायच्या. चौथीत एक बटण आलं, 'पाहिलं'. ठिपका लाल झाला की इथल्या माणसाने ते दाबायचं, मग त्या केंद्राच्या पडद्यावर तेवढाच शब्द उमटायचा: पाहिलं. म्हणजे घाबरू नका, आमचं लक्ष आहे.

आता नानांची लेक. तिला ते ठकी म्हणत. आई फार लवकर गेली, तेव्हा नानांनीच तिची वेणी घातली, भांग कायम वाकडा. मोठी झाली, बापाचाच धंदा शिकली. नानांनी साहेबांच्या हातापाया पडून शेजारच्या खोलीत तिच्यासाठी जागा पाहून ठेवली होती. पोरीने परस्पर धरणावरची नेमणूक घेतली.

"अगं, तिथे कावळासुद्धा विचार करून जातो!" नाना म्हणाले.

"तुमच्या शेजारी बसले तर म्हातारी झाले तरी मी नानांची ठकीच राहीन," ती म्हणाली.

नानांचं डोकं फिरलं. "मग जा. आणि एकदा गेलीस की मला फोन करू नकोस."

बोलून गेले. जिभेला हाड नसतं, आणि बोललेलं गिळायला घसा मोठा लागतो, तो नानांकडे नव्हता. ठकीही बापावर गेलेली, शब्दाची पक्की. तिने फोन केला नाही. नानांनीही केला नाही. घरी दोन ताटं काढायची सवय मात्र जाईना. एक पुन्हा फडताळात ठेवताना ते जरा जास्तच आवाज करायचे.

आणि मग एका संध्याकाळी, कामाची पाळी संपता संपता, धरणाचा ठिपका लाल झाला आणि लगेच हिरवा झाला. नानांनी 'पाहिलं' दाबलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तिसऱ्या दिवशीही. नानांनी केबल तपासायला माणूस पाठवायचा म्हणून अर्ज काढला, तेव्हा काकूंनी कपाळाला हात लावला.

"अहो नाना, केबलला घड्याळ कळतं का? रोज ह्याच वेळेला निघते आणि आपली आपण परत लागते? तुमची लेक आहे ती. फोन करू नकोस म्हणालात. केबल काढू नकोस कुठे म्हणालात?"

नानांनी अर्ज फाडला.

तेव्हापासून बापलेकीचा हाच संवाद. ती तिकडे केबल उपटून परत खोचायची, इकडे एक ठिपका डोळा मिचकावायचा, नाना 'पाहिलं' दाबायचे. आपण तरी देवळात जाऊन दुसरं काय करतो? घंटा वाजवतो, मी आलोय म्हणतो, आणि वरून कुणी पाहिलं म्हणेल या आशेवर थोडा वेळ उभे राहतो. नाना दुपारपासून त्या एका मिचकावणीची वाट पाहत. ती आली की डबा पिशवीत टाकून घरी जात, आणि त्या दिवशीचं दुसरं ताट हळू ठेवत.

अशात पाचवी आवृत्ती आली. सोबतच्या कागदात सुधारणांची यादी होती, तिच्यात एक ओळ: क्षणिक खंड आता दाखवले जाणार नाहीत, ठिपका लाल करण्यापूर्वी पाच मिनिटं वाट पाहिली जाईल, कर्मचाऱ्यांचा त्रास वाचेल.

ती ओळ नानांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढून पुन्हा वाचली.

मग त्यांनी दुसरा कागद हातात घेतला, आवश्यक यंत्रणेचा, आणि साहेबांपुढे पोथी वाचावी तसा वाचला. "साहेब, ही आवृत्ती मेमरी दुप्पट मागते. आपल्या मशीनला झेपायची नाही. डिस्क हवी मोठी. ऑपरेटिंग सिस्टिम नवी. आपलं जुनंच बरं." साहेब म्हणाले बघू. पुढच्या वेळी विचारलं तेव्हा नानांनी प्रोसेसरचं कारण काढलं.

काकू हसल्या. "मशीनला किमान काय लागतं ते तोंडपाठ आहे तुम्हाला. माणसाला काय लागतं, त्याचा कागद कुणी छापत नाही वाटतं."

"तुम्ही तुमचा पडदा बघा," नाना म्हणाले.

पण साहेब ऐकणारे निघाले. नानांच्या प्रत्येक हरकतीवर त्यांनी खूण केली, आणि एके सकाळी खोक्यात घालून नवं कोरं मशीन दारात उभं. त्याच्या मागोमाग कंपनीची इंजिनिअर बाई आली. तिने हसतखेळत पाचवी आवृत्ती चढवली आणि विचारलं, "थांबायची वेळ पाचच मिनिटं ठेवू ना?"

"शून्य ठेवता येते?" नानांनी विचारलं.

"येते की. पण कशासाठी?"

साहेब पाहत होते. काकू पाहत होत्या. माझी लेक मला हाक मारते, एवढंच सांगायचं होतं. पाच शब्द. नानांनी चष्मा पुसला. "काही नाही, सहज विचारलं."

त्या संध्याकाळी पडदा हिरवागार. एकही लाल नाही. साहेबांनी पेढे मागवण्याची भाषा केली. नाना धरणाच्या ठिपक्याकडे टक लावून बसले. तो हलला नाही, मिटला नाही. शेतात पीक हिरवं असावं आणि घरात कुणी खाणारं नसावं, तसा तो हिरवा रंग.

ती केबल काढत असणार, हे त्यांना ठाऊक होतं. काढत असणार, लावत असणार, आणि मग पडद्याकडे बघत असणार. ठिपका लाल झाल्याशिवाय बटण चालत नव्हतं, तेव्हा तिथे 'पाहिलं' उमटत नसणार. बापाने आता तेवढंही बंद केलं, असंच तिला वाटणार. दुसऱ्या दिवशीही हिरवा. नंतरही हिरवाच. नाना फोनचा रिसीव्हर उचलायचे, पुसायचे, ठेवायचे. काकू एकदा म्हणाल्या, "चकाकायला लागला हो तो."

आणि मग एका संध्याकाळी शिट्टी झाली.

धरण लाल. सगळी खोली दचकली, आणि नानांचा चेहरा दिवा लावल्यासारखा उजळला. त्यांनी झडप घालून 'पाहिलं' दाबलं. ठिपका लालच. पुन्हा दाबलं. लालच. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. ज्या तारेवरून निरोप जायचा, ती तारच पोरीच्या हातात होती. या खेपेला तिने ती परत लावलीच नव्हती.

"नाना, पाण्याचे दिवस आहेत," साहेब म्हणाले. "फोन लावा केंद्राला."

कामच होतं ते. हुकूमच होता. नानांनी फोन लावला.

"धरण केंद्र," पलीकडून आवाज आला.

"नियंत्रण कक्ष," नाना म्हणाले.

पलीकडून लगेच, "नाना?"

"लाल झालंय तुझं."

"माहितीये. मीच केलंय. रोज काढत होते, तुमच्याकडून काही येईचना. म्हटलं, आज लावायचीच नाही. बघू तरी, कुणी विचारतंय का."

"नवी आवृत्ती आहे, ठके. तिला लहान काही दिसत नाही."

"आणि तुम्हाला?"

नानांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "मला दिसायचं. रोज."

"मग फोन का नाही केलात?"

"तू का नाही केलास?"

"तुम्ही नको म्हणाला होतात!"

"मी मूर्ख आहे म्हणून तूही?"

ती हसली, का रडली, फोनवर नीट कळलं नाही.

"काय म्हणतात?" साहेबांनी विचारलं.

"केबल सापडली म्हणतात," नाना म्हणाले.

"लावू?" ठकीने विचारलं. "पाण्याची पातळी ठीक आहे, मी डोळ्यांनी बघतेय. पण लावायला हवी."

"लाव." आणि लगेच, "थांब जरा. जेवतेस ना नीट?"

"जेवते."

"कधी येतेस?"

"इथे दुसरं कुणी नाही, नाना. बदली माणूस मिळाला की. पाणी उतरेपर्यंत तर नाहीच."

"बरं."

"लावते हां." आणि ठिपका हिरवा झाला. काम झालं, आता फोन ठेवायला हवा होता. नानांनी ठेवला नाही. तिकडूनही ठेवल्याचा आवाज आला नाही. लांबवर, रिसीव्हरमध्ये, धरणाचं पाणी पडत होतं, ते नाना ऐकत राहिले.

मंडळी, बदली माणूस अजून मिळालेला नाही. पोरगी तिथेच आहे, पाण्याच्या आवाजात, एकटी. आज घास तोंडात घालण्याआधी तिची एकदा आठवण काढा. आपण इतक्या जणांनी काढली तर तिला उचकी लागेल, आणि कुणीतरी आठवण काढतंय, एवढं तरी तिला कळेल.