चष्म्याच्या घरातली चिठ्ठी

शेवटच्या आजारात मी बाबांना अमरावतीहून अकोल्याला माझ्याकडे आणलं, तेव्हा कपड्यांच्या पिशवीत त्यांनी वाचनालयाचं एक पुस्तक घातलं होतं. जुन्या काळातली खुनाची गोष्ट. ऐन दिवाळीत गाविलगडाचा किल्लेदार मारला जातो आणि एक कारकून खुन्याला शोधून काढतो.

शाळेत शिकवून आले की मी त्यांना दहा-बारा पानं वाचून दाखवायची. पुस्तक वाईट होतं. खुनापेक्षा फराळाचीच वर्णनं जास्त. एके ठिकाणी तर पहारेकरी मनगटावरचं घड्याळ पाहतो. मी वैतागून थांबले, तर बाबा म्हणाले, "वाच माय. धम्म घेतला तवापासून सात वर्सं झाले, आपल्या घरी करंजी नाई. आता पुस्तकातली खा."

आमची एक जुनी रीत होती. शेवटचं प्रकरण राहिलं की बाबा खुन्याचं नाव चिठ्ठीवर लिहून चष्म्याच्या घरात ठेवायचे. वाचून झालं की मी ती उघडायची. चुकले तर चहा त्यांनी करायचा. आधीच शेवट पाहून घेणं त्यांच्या लेखी चोरी होती.

या वेळी चिठ्ठी त्यांनी मध्येच लिहिली.

"इतक्या लवकर?"

"माईत झालं मले."

चार दिवसांनी ते गेले. खूण एकशे चाळीसाव्या पानावर राहिली.

दीड महिना मी पुस्तकाला हात लावला नाही. ती चिठ्ठी उघडली नाही तोवर बाबांचं एक बोलणं ऐकायचं शिल्लक होतं. ते बरोबर निघावं, एवढंच मला हवं होतं. पण पुस्तक परत करायला हवं होतं. एका रविवारी बसले आणि उरलेलं वाचून काढलं.

खुनी निघाला येसाजी अत्तरवाला. हा माणूस पुस्तकात पहिल्यांदा येतो तो एकशे एक्क्याऐंशीव्या पानावर. त्याआधी त्याचा उल्लेखही नाही. म्हणजे बाबांचा अंदाज चुकणारच होता. चिडून मी चिठ्ठी उघडली.

'येसाजी अत्तरवाला.' अक्षर थोडं हललेलं.

मी मागची सगळी पानं पुन्हा चाळली. ते नाव कुठेच नव्हतं. जन्मभर न केलेली चोरी बाबांनी शेवटी केली होती, आणि तीही माझ्याशी. किल्लेदाराच्या खुनापेक्षा हे कोडं मला जड गेलं.

पुढच्या रविवारी अमरावतीला गेले. वाचनालयाचे खुशालराव बाबांचे जुने स्नेही. पुस्तक पाहिलं आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

"मागच्या साली नेलं होतं त्याईनं. दुसऱ्याच दिवशी आनून आदळलं इथं. म्हने, खुशालराव, चुलीत घाला हे."

"मग पुन्हा का नेलं?"

"मी तेच म्हनलं त्याईले, काहून नेता? हे पाहा नवीन आलेलं." खुशालराव पुस्तकाची पाठ पुसत राहिले. "तं म्हने, नाई. आता वाचलेलंच द्या. अर्धं राह्यलं तं जीव अडकत नाई."

खिडकीतून कोणीतरी वर्तमानपत्र मागत होतं. त्यांनी ते दिलं.

"तुमाले कसं वाटलं मंग?"

"वाईट."

मी माझं नाव लिहायला त्यांच्यासमोरची वही ओढली.

"तेव्हा नवीन आलेलं होतं ना, ते द्या."