आजच्या तारखेपर्यंत विवाहित

ऑफिसात त्याला सगळे परंतुसाहेब म्हणत. मोठमोठ्या कंपन्यांना करांविषयी सल्ला देणारा वकील तो; सतरा वर्षांत त्याच्या तोंडून एक सरळ वाक्य निघालं असेल तर शपथ. चहा घेणार का विचारलं, तरी ‘साखरेच्या प्रमाणाच्या अधीन राहून’ हो म्हणायचा.

यंदा त्याला फर्ममध्ये भागीदार व्हायचं होतं. दोनदा नकार मिळाला होता, आणि तिसऱ्यांदा मिळाला की फर्मच्या नियमाप्रमाणे दार कायमचं बंद. अर्जासोबत एक पान परिचय मागितला होता. तो त्यानं लिहून बायकोपुढं ठेवला. बायको दातांची डॉक्टर, नको ते मुळासकट उपटायची तिला सवय.

‘उपलब्ध कागदपत्रांनुसार जन्म’ इथं ती नुसती हसली. ‘आजच्या तारखेपर्यंत विवाहित’ इथं मात्र तिनं चष्मा काढला.

“उद्याचं काय ठरलंय?”

भविष्याची हमी वकिलाला देता येत नाही, हे त्यानं समजावून पाहिलं. तिनं लाल पेन घेतलं. अशिलांची नावं गुप्त ठेवायची, म्हणून सगळी मोठी कामंही गेली. शेवटी पानावर उरलं काय, तर नाव, पदवी आणि ‘विवाहित’.

दुसऱ्या दिवशी फर्मच्या अध्यक्षांनी ते पान उलटंसुलटं करून पाहिलं. पुढच्या महिन्यात निवृत्त होणारे गृहस्थ, बोलायला रोखठोक. सतरा वर्षं नेमकं केलंत तरी काय, असं त्यांनी विचारलं. त्यानं एका दमात सांगून टाकलं.

“लोक घाईनं सही करायला निघतात, मी त्यांना थांबवतो. मग काहीच घडत नाही. ते न घडणं, हेच माझं काम.”

अध्यक्षांनी मान डोलावली आणि भागीदारीचा, सगळ्यांसाठी एकच असलेला छापील करार त्याच्यापुढं सरकवला. त्याला आभाळ ठेंगणं झालं. पेन उघडून तो सहीच्या जागेपर्यंत पोचलाही; पण सवयीला औषध नाही. डोळे नवव्या कलमावर अडकले. फर्मचा जुना कर निघालाच, तर तो निवृत्त भागीदारानं एकट्यानं, मरेपर्यंत भरायचा, असं तिथं लिहिलं होतं. बाबा रे, गप्प बस आणि सही कर, असं त्याचं मन हात जोडून सांगत होतं.

“यावर सही करू नये,” तो म्हणाला. “तुम्ही केलीये का?”

अध्यक्षांनी कागद ओढून घेतला, दोनदा वाचला आणि ते पांढरेफटक पडले. आठही भागीदारांनी डोळे झाकून सह्या केल्या होत्या, पहिली त्यांचीच. सगळेच वकील, त्यामुळे दुसऱ्या कुणीतरी वाचलं असेल अशी प्रत्येकाची खात्री. त्यांनी उठून दार आतून लावून घेतलं आणि करार नव्यानं लिहायला त्यालाच बसवलं.

दुपारी बायकोचा फोन आला. झालास का भागीदार, एवढंच तिला हवं होतं.

“अजून नाही,” तो कुजबुजला. “पण अध्यक्ष माझा हात सोडायला तयार नाहीत.”