सातवी मुलगी

"बसा म्हणणार नाय मी," जमना म्हणाली. "बसायचंच असंल तर वाळूत बसा. आमाला तुमी तिथंच बसवायच्या."

चंद्रकांताबाई उभ्याच राहिल्या. चिंचणीच्या किनाऱ्यावर जमना बोंबील वाळत घालत होती. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची आणि जोडी आडव्या बांबूवर टाकायची. तिचे हात थांबत नव्हते, तोंडही थांबत नव्हतं.

"इतकी वर्सं या घराची वाट सापडली नाय, ती आज बरी सापडली."

"तुझ्या मोनालीसाठी आलेय."

"ठावं हाय. ती नाय यायची."

बाईंनी ऐकून घेतलं. खरं तर ऐकून घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. एके काळी त्यांच्या जिभेला तारापूरपासून केळव्यापर्यंतच्या मुली टरकून असत. बोईसरच्या लहानशा कॉलेजात त्या खेळाच्या शिक्षिका म्हणून लागल्या तेव्हा पालघर हा जिल्हा व्हायचा होता, आणि मुलींनी मांडीवर थाप मारून कबड्डीला उतरणं कुणाला खपत नव्हतं. कॉलेजला मैदान नव्हतं. ओहोटी लागली की बाई इथेच, चिंचणीच्या ओल्या वाळूत टाचेने रेघ ओढायच्या आणि सराव सुरू व्हायचा. वेळ कॉलेजची घंटा ठरवत नसे, समुद्र ठरवत असे. दारादारांतून शिव्या यायच्या. एकीने तर मासळी धुतलेलं पाणी बाईंच्या अंगावर फेकलं. ती जमनाची आई. बाईंनी तशाच ओल्या साडीने सराव घेतला, आणि त्याच दिवशी जमनाला डाव्या कोपऱ्यात उभं केलं. पुढे मुलींनी ढाली जिंकून आणल्या, तेव्हा कुठे कॉलेजने मागची पडीक जागा सपाट करून दिली.

त्या जागेवर आता प्राचार्यांचा डोळा होता. "आज संध्याकाळपर्यंत सात मुलींची नावं द्या," ते म्हणाले होते. "नाहीतर संघ बंद. स्टाफला गाड्या लावायला जागा नाही." बाईंकडे सहा मुली होत्या.

कुणाचं तरी करडू बांबूंखालून घुसलं आणि वाळत टाकलेल्या जवळ्यात शिरलं. जमना वळलीसुद्धा नाही. वाकली, एका हातात त्याचा घोटा आला, दुसरा हात गुडघ्यामागे गेला, आणि करडू बेंबीच्या देठापासून ओरडू लागलं.

"डावा पाय अजून मागे ठेवतेस," बाई म्हणाल्या.

"करडू धरायला कॉलेज नाय लागत." जमनाने ते कुंपणापलीकडे सोडलं. "बोला ना, काय दिलं तुमच्या खेळानं? पोलिसात लागशील बोललेल्या. भरतीला तिथले साहेब हसले, हे कप तुमच्या गावात चालतात बोलले. तोवर माझ्या बरोबरीच्या पोरी बोटीवाल्यांच्या घरी गेल्या. मला बघायला आलेले बोलायचे, ही नवऱ्याचीच तंगडी धरायची."

"मग मिळाला ना नवरा?"

"मिळाला. धरलीच तंगडी. दारू पिऊन यायचा."

बाईंना हसू आलं, पण जमना हसली नाही, तेव्हा त्यांनीही आवरलं.

घरातून मोनाली आली. खांदे आईचेच, रुंद. कॉलेजच्या कँटीनसमोर वाट अडवणाऱ्या एका पोराचं मनगट तिने असं धरलं होतं की तो गुडघ्यावर आला. बाईंनी ते खिडकीतून पाहिलं होतं, आणि त्या रात्री त्यांना झोप आली नव्हती.

"मॅडम, मला खेळायचंय," मोनाली म्हणाली. "पण सोमवारपास्नं कंपनीत पॅकिंगला बोलावलंय. ते सोडलं तर पुढं नोकरी लागंल का? खेळावर?"

जमनाने हातातली जोडी खाली ठेवली. "हां. सांगा आता. माझ्यासमोर सांगा."

हो म्हणायचा अवकाश, सातवी मुलगी पदरात पडत होती. बाईंना ते 'हो' तोंडपाठ होतं. कितीतरी अंगणांत त्या ते म्हणाल्या होत्या, आणि दर वेळी खरं मानून म्हणाल्या होत्या. स्वतःलाही दर जूनमध्ये तेच सांगत आल्या होत्या की यंदा कायम करतील. डोक्याचे केस पांढरे झाले, तरी नेमणूक वर्षावर्षाचीच राहिली.

"नाही," बाई म्हणाल्या. "नाही लागणार."

मोनालीने मान खाली घातली. जमना मात्र उसळली.

"मग मला का नाय असं सांगितलं तवा?"

"तेव्हा मलाच ठाऊक नव्हतं."

"सांगितलं असतं तर खेळले नसते मी." जमना थांबली. पदराने कपाळ पुसलं. "नाय. खेळलेच असते. त्याचाच तर राग येतो, बाई. जा तुमी आता. पोरगी सोमवारी कंपनीत जाईल."

बाई गेल्या.

बोईसरला रिक्षातून उतरून त्या कॉलेजच्या मागे आल्या, तर प्राचार्यांनी संध्याकाळची वाटही पाहिली नव्हती. मैदानाच्या मध्यरेषेवर त्यांची पांढरी गाडी उभी होती, आजूबाजूला आणखी चार. सहा मुली भिंतीला टेकून होत्या.

"मिळाली का, मॅडम?" रूपलने विचारलं.

"नाही. यंदा संघ नाही. नाव द्यायचं नाही."

मासवणची चिमी म्हणाली, "मंग आमी घरी जावं का?"

"घड्याळ बघ. सरावाची वेळ संपली का?"

"गाड्या हायत ना पण."

"असू देत. गाड्यांभोवती पळा."

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं आणि पळू लागल्या. पहिल्या फेरीला अंग चोरून, मग जोरात. धूळ उठली आणि प्राचार्यांच्या काचेवर बसत गेली. वरच्या खिडकीतून शिपाई कमलाकांत ओरडला, "बाई, साहेब विचारतात काय चाललंय?"

बाईंनी वर पाहिलं नाही. "रूपल," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "गुडघे वर."