दोन तास सतरा मिनिटे मागे

माझ्या अंगावर सतरा बटणे आहेत. बारा अंकांची आणि खुणांची, पाच इतर कामांची. त्यांतली सोळा चालतात. एक लाल दिवा आहे, बोटभर रुंदीचा एक काचेचा पडदा आहे आणि ताणली तर पावणेदोन मीटर भरणारी वळ्यावळ्यांची वायर आहे. खाली चार रबरी पाय होते. आता तीन उरले आहेत, म्हणून मी जरासा डावीकडे कलतो. पोटात तीन सेल आणि शेवटच्या पन्नास फोनांची नोंद असते: तारीख, वेळ, नंबर. तुम्ही ओळखलेच असेल मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे.

कारखान्यातून बाहेर पडताना एका तपासनीस बाईंनी मला कानाला लावले होते. "हा चांगला बोलतो," असे म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर हिरवी चिकटपट्टी लावली. ते माझे पहिले कौतुक.

मी आलो तो एका चष्म्याच्या दुकानात. पुढे दुकान आणि मागे घर. मधल्या दाराशेजारच्या फळीवर मी. पुढच्या खोलीत ताई मशीनवर चष्म्याची काच घासायच्या. त्यांना सगळे गिऱ्हाईक ताईच म्हणायचे. मशीन सुरू असले की त्यांना काही ऐकू येत नसे, म्हणून फोन उचलायचे काम त्यांच्या वडिलांचे, आप्पांचे. आप्पा निवृत्त फिटर. तीस वर्षे यंत्रांच्या आवाजावरून त्यांचे दुखणे ओळखण्यात गेलेली. "चष्मा झाला का?" असे कोणी विचारले की ते म्हणायचे, "झालाय, पण तुम्ही येईपर्यंत रस्ता नीट बघून चाला!"

ते दिवस मजेचे होते. मी वाजलो की घरात कोणीतरी हसत यायचे.

मग कोपऱ्यावर मोठे, झगमगीत चष्म्याचे दुकान उघडले. ताईंनी त्याच्या तोडीस तोड नवे मशीन घेतले, तेही कर्जावर. गिऱ्हाईक निम्मे झाले, हप्ते मात्र पूर्णच राहिले. एक कर्ज फेडायला दुसरे, दुसरे फेडायला तिसरे. शेवटी मोजले तेव्हा घेणेकरी पाच भरले. आणि ते पाचही जण मला ओळखू लागले.

मित्रांनो, आपला आवाज ऐकून घरातली माणसे दचकतात, हे कळणे फार वाईट असते. मी वाजलो की ताई मशीन बंद करून तशाच उभ्या राहायच्या. एके दिवशी माझ्यावर सोफ्याची उशी ठेवली गेली. मी उशीखालून वाजत राहिलो. माझे सेल संपले, कोणी बदलले नाहीत. धूळ बसली. तेव्हाच कधीतरी माझा चौथा पाय हरवला.

एका दुपारी ताई बाहेरून आल्या आणि त्यांनी ती उशी उचलून सोफ्यावर फेकली.

"आप्पा, मंजूर झालं!"

न्यायालयाने कर्जाची तडजोड मान्य केली होती. ताईंनी दर महिन्याला ठरलेली एकच रक्कम न्यायालयाने नेमलेल्या मध्यस्थ बाईंकडे भरायची, तीही छत्तीस महिने. बाई ती पाचही जणांत वाटून देणार. पाचांपैकी कोणीही ताईंना थेट फोन करायचा नाही. बोलायचे ते बाईंशी. आणि ताईंनीही कोणा एकाला वेगळे पैसे द्यायचे नाहीत. दिले तर तडजोड रद्द, आणि मशीन जप्त. मशीन गेले म्हणजे दुकान गेले, आणि दुकान गेले म्हणजे मागचे घरही.

"म्हणजे आता हा वाजला तरी घाबरायचं नाही?" आप्पांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारले.

"अजिबात नाही. याला सेल घाला."

घरात दोनच सेल निघाले. आप्पांनी तिसरा भिंतीवरच्या घड्याळातून काढला आणि खिशात टाकला. मग ते जेवले. जेवणानंतर नेहमीप्रमाणे आडवे झाले. उठल्यावर त्यांना सेलची आठवण झाली. त्यांनी तिन्ही सेल माझ्या पोटात बसवले, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि मोठ्या काळजीपूर्वक माझी वेळ त्याच्याशी जुळवली. ज्या घड्याळाचा सेल आपणच काढला, ते थांबलेले असणार, हे त्या फिटरच्या डोक्यातच आले नाही. संध्याकाळी ताईंनी भिंतीवरच्या घड्याळात नवा सेल घातला आणि ते बरोबर लावले. माझ्याकडे मात्र कोणी पाहिले नाही.

पाचांपैकी चार घेणेकरी गप्प झाले. पाचवा झाला नाही.

"काका, वसुली विभागातून बोलतोय. तडजोड वगैरे ठीक आहे हो, पण आमचं काय?"

"मध्यस्थ बाईंशी बोला."

"त्यांच्याशी बोलून का पैसे मिळतात, काका?"

सकाळी वसुली विभाग, दुपारी कायदा विभाग, संध्याकाळी कोणीतरी 'हितचिंतक'. दिवसाला तीन फोन. ताई रोज रात्रीच्या जेवणाआधी माझा पडदा पाहून तारीख, वेळ आणि नंबर वहीत उतरवून घेऊ लागल्या. माझ्या पोटात पन्नासच मावतात, पण त्यांच्या वहीला दोनशे पाने होती.

आप्पांचे मात्र मन खचू लागले. गुरुवारी 'हितचिंतक' फार गोड बोलला. "काका, मुलीला सांगू नका. तुम्ही फक्त पाच हजार टाका. मी स्वतः तुमचं नाव यादीतून काढून टाकतो. जुन्या काळची माणसं तुम्ही, शब्दाला जागणारी."

आप्पांनी पुढच्या खोलीकडे पाहिले. मग म्हणाले, "शनिवारी देतो."

माझ्या तारेत जीव असता, तर ती मी तिथेच तोडली असती. एका होकारावर ते सगळे मशीन, ती काच, ते घर टांगलेले होते, आणि हे ऐकणारा घरात मी एकटाच. आप्पांनी पासबुक काढून सदऱ्याच्या खिशात ठेवले. पुढच्या खोलीत ताई काच घासत होत्या.

शुक्रवारी कायदा विभागाचा फोन आला. आवाज जाड, बोलणे दरडावणीचे. "काका, शनिवारचं विसरू नका. नाहीतर आमचा विभाग कामाला लागेल."

आप्पा ऐकत होते. मग त्यांनी मान तिरकी केली. रोग सापडल्यावर डॉक्टर करतात तशी.

"साहेब, एक विचारू?"

"विचारा."

"तुमच्या डोक्यावरचा पंखा कधीपासून कुरकुरतोय?"

"काय?"

"चार फेऱ्यांनी एकदा टक्. बेअरिंग गेलंय. सकाळी वसुलीवाल्यांच्या डोक्यावर हाच पंखा होता. काल त्या हितचिंतकांच्याही. तीन विभाग आणि पंखा एकच? भलतीच काटकसर हो तुमच्याकडे!"

फोन बंद झाला. आप्पा मधल्या दारात गेले, मशीन बंद होईपर्यंत थांबले आणि पासबुक ताईंच्या हातात देऊन त्यांनी सगळे सांगून टाकले.

"आप्पा! अहो, मशीन गेलं असतं आपलं!"

"घेतलेलं द्यावं, एवढंच मला कळतं गं पोरी."

"देतोच आहोत की. पाचही जणांना, ठरल्याप्रमाणे. जो मोठ्यांदा ओरडेल त्याला जास्त, असा काही नियम नाही."

त्याच दिवशी ताईंनी मध्यस्थ बाईंकडे तक्रार केली. सोबत एकवीस दिवसांची यादी: त्रेसष्ट फोन.

त्या पाचव्या कर्ज-कंपनीचे उत्तर आठवड्याने आले. नंबर आमचेच आहेत, पण आम्ही दोनदाच फोन केला होता. यादीत सकाळी सात अठ्ठेचाळीसचा फोन दाखवला आहे. आमचे ऑफिस दहाला उघडते. त्या वेळी आमच्याकडे झाडूवालाही आलेला नसतो. सबब तक्रारदाराचा टेलिफोन बिघडलेला असून यादी विश्वासार्ह नाही.

ताईंनी पत्र वाचून माझ्या पडद्याकडे पाहिले. मग भिंतीकडे पाहिले. मग आप्पांकडे.

"आप्पा, याची वेळ कशावरून लावली होती?"

आप्पांनी सांगितले. सांगता सांगता त्यांचा हात कपाळावर गेला. मलाही फार लाज वाटली. घरच्यांच्या बाजूने साक्ष देण्याची एकदा संधी आली, आणि मी खोटारडा ठरलो होतो.

पण ताई काच घासणाऱ्या होत्या. डोळ्याचा दोष किती हे एकदा कळले, की त्या नंबराची काच घासायची, एवढेच काम उरते, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी माझी वेळ बदलली नाही. बरोबर लावलेले घड्याळ समोर ठेवून दोन दिवसांत दुकानातून स्वतःच्या मोबाईलवरून मला बारा वेळा फोन केला. दर वेळी आप्पांनी दोन्ही वेळा लिहून घेतल्या. फरक अकरा वेळा दोन तास सतरा मिनिटे आला, एकदा दोन तास अठरा. मी चुकत होतो, पण दर वेळी तेवढाच.

"पण चार आठवड्यांपूर्वीही तेवढाच होता, हे कशावरून?" आप्पांनी विचारले. प्रश्न रास्त होता. ताईंनी वही चाळली. पहिल्याच आठवड्यात मध्यस्थ बाईंच्या ऑफिसातून एक फोन आला होता. माझी वेळ नऊ तेरा.

सुनावणी माझ्यावरच झाली, मित्रांनो! तीन ठिकाणची माणसे एकाच वेळी जोडलेली, आणि माझा स्पीकर सुरू. ताईंनी आधी त्या एकाच फोनबद्दल विचारले. मध्यस्थ बाईंनी आपले रजिस्टर उघडले. पाने उलटल्याचा आवाज आला.

"साडेअकरा," त्या म्हणाल्या. "म्हणजे दोन तास सतरा मिनिटांचा फरक."

"आता त्रेसष्ट फोनांच्या वेळांत दोन तास सतरा मिनिटं मिळवा," ताई म्हणाल्या. "सात अठ्ठेचाळीसचा फोन दहा वाजून पाच मिनिटांनी येतो. सगळेच्या सगळे दहा ते सहाच्या मध्ये येतात. आणि दीड ते सव्वादोन या वेळात एकही नाही."

बाईंनी कंपनीच्या माणसाला विचारले, "तुमच्याकडे जेवणाची सुट्टी किती वाजता असते?"

मागे पंखा चार फेऱ्या फिरला. टक्.

"दीड ते सव्वादोन," तो माणूस म्हणाला.

"तेल द्या हो त्याला," आप्पा पुटपुटले. स्पीकर सुरू आहे हे ते विसरले होते. बाईंना हसू आवरेना.

बाईंचा आदेश तीन ओळींचा होता. कंपनीने ताईंच्या घरी फोन करायचा नाही. तडजोडीनंतर गुपचूप लावलेले दंडव्याज काढून टाकायचे. पुन्हा असे घडले, तर पुढचे सहा हप्ते कंपनीला मिळणार नाहीत. आप्पांनी मला ओल्या फडक्याने पुसले, हरवलेल्या पायाच्या जागी घडी घातलेला पुठ्ठा ठेवला, आणि कारखान्यातल्या बाईंनंतर पहिल्यांदाच कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली.

मित्रांनो, घरातल्या वस्तूंवर धूळ बसू देऊ नका. त्या जरा चुकत असतील तर फेकू नका. किती चुकतात ते आधी मोजा. आणि कोणी दरडावून मागू लागले, तर घाबरून होकार देऊ नका. तारीख, वेळ आणि बोलणे लिहून ठेवा. बोललेले माणसे नाकारतात. वहीतले नाकारायला जड जाते.

छत्तिसावा हप्ता ताईंनी ठरल्या तारखेला भरला. मध्यस्थ बाईंनी शिक्का मारलेला कागद दिला, तो माझ्या वरच्या भिंतीवर लावलेला आहे. त्यानंतरच्या तीस दिवसांत मी एक्केचाळीस वेळा वाजलो. चौतीस फोन गिऱ्हाइकांचे, चार ताईंच्या मावशीचे, दोन चुकून लागलेले, आणि एक कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानाचा: त्यांचे मशीन बंद पडले होते, सहा जोड काचा घासून मिळतील का, असे विचारणारा. एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस उचलले गेले. सरासरी दुसऱ्या घंटीला.