झुल्माची दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी

“पहिला कडू घोट ओतणाऱ्यानं स्वतः घ्यायचा, मगच तुंबा पुढे द्यायचा.” माझ्यावर वेलबुट्टी कोरणाऱ्या म्हातारीचे हे शब्द.

मित्रांनो, मी भोपळ्याचा एक जुना तुंबा आहे. उन्हात वाळवून, आतून पोखरून मला घडवलं. माझ्यात येरबाची, म्हणजे आमच्याकडच्या कडू चहाची, पानं भरतात, गरम पाणी ओततात आणि एकाच नळीनं सारे आळीपाळीनं पितात. मोंतेविदेओतल्या एका विद्यापीठात, समुपदेशन कक्षाबाहेरच्या बाकावर माझी बारा वर्षं गेली.

इथं कोण येतं, हे समुपदेशक नेलिदाताईंना पक्कं ठाऊक होतं. लांबच्या गावाहून आलेली नवखी पोरं, परीक्षेच्या धास्तीनं थरथरणाऱ्या मुली. झुल्मा त्यांतली नव्हती. ती रोज येऊन बाकावरचा येरबाचा डबा भरायची आणि सगळ्यांना ओतायची.

“अरे, नळी ढवळतोस काय? सूप आहे का ते?” म्हणत रडव्या मुलालाही हसवायची.

“आणि तुझं काय गं?” कुणी विचारलंच, तर म्हणायची, “माझं काय? मी इथली यजमानीण!”

माझ्या नक्षीचं सारे कौतुक करत. पण मला ओलं तसंच ठेवलं, तर आतून बुरशी धरते. ती बाहेरून दिसत नाही.

एकदा झुल्मा आलीच नाही. चौथ्या दिवशी तिच्या खोलीतली मुलगी धापा टाकत आली. “ताई, झुल्मा अंथरुणातून उठत नाहीये. जेवत नाही. सारखं म्हणते, मला कुणी बोलावलंच नाही.”

“बोलावलं नाही? कुठं?” ताईंना काही कळेना. त्यांची नजर येरबाच्या डब्याकडे गेली. चार दिवस कुणी न भरल्यानं त्याचा तळ दिसत होता, आणि तळाशी एक चिठ्ठी. ‘झुल्मा, पहिलं वर्ष, भेट सकाळी दहा.’ तारीख दोन वर्षांपूर्वीची.

ताईंनी चिठ्ठी उचलून पुन्हा वाचली. देवा, मी तर तिथंच होतो! त्या सकाळी गर्दी होती. ताईंनीच गरम पाण्याचा थर्मास तिच्या हाती दिला होता. “जरा ओत गं सगळ्यांना. तुझी वेळ झाली की मीच बोलावते.” तिनं हातातली चिठ्ठी डब्यात टाकली आणि ती ओतायला लागली. आमच्याकडे ज्याच्या हाती थर्मास, तो घरचा. घरच्याला कोण विचारतं? दोन वर्षं ती त्या दाराबाहेर बसली होती!

मित्रांनो, तुम्हाला हात जोडून सांगतो, जो सगळ्यांना ओततो, त्यालाही कधी बसवा, विचारा.

ताईंनी डोळे पुसले. थर्मास काखेत धरला, मला हातात घेतलं. पहिला कडू घोट स्वतः घेतला.

“चल पोरी, खोली दाखव,” त्या हलकेच म्हणाल्या, आणि वसतिगृहाच्या वाटेला लागल्या.