कोमांगचं काळं जॅकेट

आमच्या किनाऱ्यावर वाळू नाही, नुसते गोटे. त्यांवरून पाहुण्यांच्या हवेच्या टाक्या, हवा भरून तरंगायची जॅकेटं, बुडायला लागणारी शिशाची वजनं, सगळं आम्ही बायका डोक्यावरून पाण्यापर्यंत नेतो. बुडी मारणाऱ्याने आपलं सामान उचलायचं नाही, हा गावाचा नियम. त्यावरच आमच्या चुली पेटतात.

माझी लेक कोमांग यंदा वाटाडी झाली. पाहुण्यांना समुद्राखाली नेणारी गावातली पहिली मुलगी. बुडी मारायचं सामान देणाऱ्या दुकानाचे मालक पाक सुदार्सा तिला म्हणाले, "तुझं जॅकेट तूच निवड." मी चुंबळ हातात घेऊन दाराबाहेर उभी. ओझी वाहणाऱ्या बायका पायपुसण्याच्या आत जात नाहीत.

तिने काळ्या जॅकेटवरून हात फिरवला. पाठीला पोलादी पत्रा, मागे हवेची भली मोठी पिशवी. मग माझ्याकडे बघितलं आणि शेजारचं पातळ, घडी होणारं जॅकेट उचललं.

"हे हलकं आहे. हेच बरं."

"शहाणी आहेस," मालक हसले. "बाईमाणसाला एवढं पुरे. उथळ पाण्यातले पाहुणे देईन तुला."

माझं डोकंच फिरलं. तडक आत शिरले.

"मेमे, तुझे पाय ओले आहेत!" कोमांग कुजबुजली. आम्ही आईला मेमे म्हणतो.

"असू देत. माझ्या मानेपायी घेतलंस ना हे?"

ती जॅकेटाची घडी घालू लागली.

"अगं येडे, पोलादी पत्रा नाही म्हणजे बुडायला कमरेला शिसं जास्त. ते कोण नेणार, तुझा बाप? येणार माझ्याच डोक्यावर!"

"सुआर्ती, तू ओझी वाहा," मालक म्हणाले. "यातलं तुला काय कळतं?"

"नाही कळत. चला पाण्यात, कुठलं जॅकेट दोघांना वर धरतं ते बघू या. घाबरलेला पाहुणा तुम्ही व्हा."

दुकानातले बाकीचे वाटाडे खो खो हसायला लागले. आता मालकांना नाही म्हणायची सोय उरली नाही.

पातळ जॅकेट पूर्ण फुगवून कोमांग तरंगत होती. कमरेला शिसं बांधलेले मालक तिच्या गळ्यात पडले, तशी दोघांची नाकं पाण्याशी टेकली. मालकांच्या पोटात चांगलं भांडंभर खारं पाणी गेलं. मग तिने काळं चढवलं. दोघंही खांद्यापर्यंत वर.

"घे बाई, काळं घे," मालक खोकत म्हणाले.

"आणि खोल पाण्यातले पाहुणे?" मी काठावरून ओरडले.

"तेही घे!"

दुसऱ्या दिवशी टाकीसकट ते जॅकेट मी डोक्यावर घेतलं. मान कळवळली. कोमांग धावत आली.

"मेमे, दे इकडे. खड्ड्यात गेला नियम."

"हात लावू नकोस! जन्मभर परक्यांची ओझी वाहिली. आज माझ्या लेकीचं नेतेय, तर तू अडवतेस?"

मुद्दाम दुकानासमोरून गेले, सावकाश. कमरेएवढ्या पाण्यात तिच्या पाठीवर ते मीच चढवलं. पट्टे आवळून मी तिला खोल पाण्याकडे वळवलं.